बिनऔषधाची सुई: आईंच्या खांद्याला टोचावी की नाही?

तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदारांच्या मुलानं विचारलं आहे. आई ४८ वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू. गेल्या हंगामात विरळणीला (घडातले मणी कमी करायला) आणि डिपिंगला (घड द्रावणात बुडवायला) बाया कमी पडल्या म्हणून त्या स्वतः रोज बागेत उभ्या राहिल्या. तेव्हा उजवी मान आणि खांदा धरला, तो सात-आठ महिने झाले तरी सुटलेला नाही. अधूनमधून कळ दंडातून कोपरापर्यंत उतरते. एक्स-रेत ‘मणक्यात थोडी झीज’ निघाली. गोळ्या झाल्या, मलम झालं, शेक झाला. आता एका फिजिओथेरपिस्टनं ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचणं, सुचवलंय. मुलाचे प्रश्न असे: हे अ‍ॅक्युपंक्चरच का? सुईत औषध असतं का? सुई फुप्फुसात जाते असं ऐकलं, ते खरं का? आणि एकदा घेतलं की कायमचं बरं होतं का?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरी मेख तिथं आहे. नुसत्या सुईनं कायमचं बरं होईल असं मी कुणाला सांगत नाही. सुईनं दुखणं काही दिवस खाली येतं, मान वळायला लागते, रात्री कूस बदलता येते. त्या दिवसांत तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं. मी सांगली-मिरजेत २२ वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि त्यातली १४ वर्षं ही सुई माझ्या हातात आहे, तेव्हा मी तिच्या विरोधात बोलणारी नव्हे. पण ‘मला त्या सुयांची ट्रीटमेंट द्या’ म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांना मी पहिल्या दिवशी सुई लावत नाही. काहींना कधीच लावत नाही.

आईंच्या बाबतीत सुईच्या आधी एक गोष्ट घरीच बघून घ्या. त्यांना खुर्चीत ताठ बसवा. उजवं कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा, अंगठा आभाळाकडे. आता कोपर बरगडीपासून न सोडता पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा, दाराची फळी उघडावी तसा. डाव्या हातानंही तेच करून दोन्हीतला फरक बघा. मग त्यांना हात सैल सोडायला सांगून तुम्ही स्वतः हलक्या हातानं तो बाहेर वळवा. तुम्ही वळवूनही उजवा हात डाव्याच्या निम्म्यावरच अडत असेल, तर मामला नुसत्या स्नायूचा नाही. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आकसलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात, आणि मधुमेह असलेल्यांत तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. गंमत अशी की फ्रोझन शोल्डरमध्येही आजूबाजूचे स्नायू आखडतात, गाठी हाताला लागतात, सुई लावली तर चार दिवस बरंही वाटतं. सांधा मात्र जिथल्या तिथं. त्याचे उपचार वेगळे, त्याला लागणारे महिने वेगळे.

दुसरं, दुखणं येतं कधी ते विचारा. जिना चढताना किंवा भराभर चालताना खांदा-दंड-जबडा भरून येत असेल, थांबल्यावर कमी होत असेल, सोबत घाम किंवा दम असेल, तर माझ्यासारखीकडे येऊ नका. आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. मधुमेह असलेल्या बाईचं हृदयाचं दुखणं छातीत येईलच असं नसतं. हाताची बोटं बधिर होत असतील, ब्लाउजचे हूक लावता येईनात, चालताना तोल जात असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, यातलं एकही असेल तर सुई थांबवायची आणि तपासणी करायची.

एक्स-रेतल्या झिजेचं फार मनाला लावून घेऊ नका. रोजच्या वावरात उंबरा झिजतो, म्हणून घर पडत नाही. अठ्ठेचाळिशीत थोडी झीज काहीही न दुखणाऱ्यांच्या मणक्यातही निघते.

हे सगळं बघून झालं, हात दुसऱ्यानं उचलला तर पूर्ण वर जातोय, आणि मान-खांद्याच्या मधल्या मांसल भागावर किंवा पाठीमागं फऱ्यावर (खांद्यामागच्या चपट्या हाडावर) बोट दाबलं की आई म्हणतात ‘हां, हीच ती कळ’, तर मग स्नायूचं दुखणं म्हणायला जागा आहे. तिथं सुईचा विचार करता येतो.

या दुखण्याला आपल्याकडं शब्दांची कमी नाही. मान धरली, उसण भरली, लचक भरली, शीर आखडली, पाठीत गोळा आला. माझी आजी उसण भरली की गल्लीत पायाळू माणूस शोधायची आणि त्याचा पाय पाठीला लावून घ्यायची. मान अवघडली की उशी उन्हात टाकायची. (उशीचा सल्ला मला अजूनही आवडतो, त्या निमित्तानं उशी तरी उन्हं खाते.) ‘शीर आखडली’ हे मात्र रोज दुरुस्त करावं लागतं. हाताखाली दोरीसारखं जे लागतं ती रक्ताची शीर नाही आणि नसही (मज्जातंतूही) नाही. तो स्नायूच्याच तंतूंचा ताणून बसलेला पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात एखादी जागा अशी असते की तिथं दाबलं की माणूस दचकतो. त्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात, मी पुढं नुसतं गाठ म्हणते.

ती जागा तशी का होते याचं सगळ्यात जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण असं. नस जिथं स्नायूला भेटते तिथं असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि त्याच्या हुकमावर तंतू आखडतो. स्नायूवर सतत ताण पडत राहिला की या ठिकाणी ते रसायन गरजेपेक्षा जास्त सुटत राहतं. तेवढाच तुकडा आखडलेला राहतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो. आखडायला शक्ती लागते हे सगळ्यांना कळतं. सैल व्हायलाही लागते हे सहसा लक्षात येत नाही. रक्त पोचत नाही म्हणून शक्ती नाही, शक्ती नाही म्हणून सैल होणं नाही, सैल होत नाही म्हणून रक्त नाही. त्यात वेदना जागवणारी रसायनं तिथं साठतात. डिपिंगचं काम डोळ्यासमोर आणा: मान मागं टाकलेली, एक हात घड सावरतोय, दुसऱ्या हातात द्रावणाचा मग डोक्याच्या वर धरलेला, आणि असे घड दिवसाला किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. जोर फार नाही, पण सोडायला उसंत नाही. पोतं उचलणाऱ्याचा स्नायू उचलतो आणि सोडतो. द्राक्षांच्या मंडपाखाली उभ्या बाईचा स्नायू तासन्‌तास नुसता धरून ठेवतो.

दुसरी एक गोष्ट या गाठींची खोड म्हणून ओळखायची: दुखतं एकीकडं, गाठ दुसरीकडं. लंडनमध्ये १९३८ साली केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी माणसांच्या स्नायूंत खारट पाणी टोचून पाहिलं होतं, आणि दुखणं टोचल्या जागेपासून दूर जाऊन उमटतं हे दाखवलं होतं. मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूतली गाठ कानशिलात ठणकते आणि माणूस अर्धशिशीच्या गोळ्या खात बसतो. फऱ्याच्या मागं इन्फ्रास्पिनेटस नावाचा स्नायू आहे. त्यातली गाठ खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते आणि दंडातून खाली उतरते. तुमच्या आईंची कोपरापर्यंत जाणारी कळ वाचून मला पहिल्यांदा हाच स्नायू आठवला. बाई बोट ठेवते पुढं, माझं बोट जातं मागं, आणि दाबल्यावर त्या वळून बघतात की हिला कसं कळलं. तशीच कुल्ल्यातल्या एका छोट्या स्नायूतली गाठ पायाच्या बाजूनं घोट्यापर्यंत उतरते. त्याला सायटिका समजून एमआरआय काढून आलेले हमाल मी मार्केट यार्डात बरेच बघितलेत.

आता सुई. ती इंजेक्शनची नव्हे. इंजेक्शनची सुई पोकळ असते, औषध आत जावं म्हणून. ही भरीव, स्टीलची, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, जागेप्रमाणे अडीच ते पाच सेंटिमीटर लांब. टोकाला औषध नाही, आत औषध नाही. म्हणूनच ड्राय, कोरडी. सुरुवात खरं तर ओल्या सुईपासून झाली. जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाई होत्या, १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. केनेडींच्या पाठीनं त्यांना आयुष्यभर छळलं आणि ट्रॅव्हेलबाई त्यांच्या पाठीतल्या गाठींत बधिर करणारं औषध टोचत. कुठल्या स्नायूतली गाठ कुठं दुखते याचे नकाशे त्यांनी आणि डेव्हिड सायमन्स यांनी मिळून काढले, आणि आजही दवाखान्यांच्या भिंतींवर जे तक्ते दिसतात त्यांचं मूळ तिथं आहे.

मग १९७९ साली झेक डॉक्टर कारेल लेविट यांनी विचारलं, की आराम औषधानं पडतो की सुईनं? त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर नुसती सुई वापरली. जिथं सुई नेमकी दुखऱ्या ठिपक्याला लागली, तिथं जवळजवळ ८७ टक्के वेळा लगेच आराम पडला. सुया विकणारे, शिकवणारे सगळे हा आकडा सांगतात. त्याच लेखातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही: नंतर माग ठेवलेल्या २८८ जागांपैकी कायमचा आराम ९२ ठिकाणी. बाकीच्यांचा काही महिने, काही आठवडे, काहींचा काही दिवसच टिकला. आणि तुलनेला सुई न लावलेला गटही त्यात नव्हता. तरी मला हा लेख आवडतो, कारण माझ्या टेबलावर जे होतं त्याच्याशी तो जुळतो. लगेचचा आराम बहुतेकांना, टिकणारा थोड्यांना.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई आणि ही सुई एकच आहे, एकाच कारखान्यातून आलेली असू शकते. वेगळी आहे ती कुठं टोचायची हे ठरवण्याची रीत. अ‍ॅक्युपंक्चरवाले शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्यांवरचे ठरलेले बिंदू मानतात. पोटाच्या तक्रारीला पायावर सुई लावू शकतात. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी वेगळा कायदा आणि वेगळी परिषद आहे. आम्ही स्नायू, त्याची नस, त्याचा पट्टा हातानं शोधतो आणि जिथं गाठ लागते तिथं जातो. दोन्हीकडचे लोक या फरकावरून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. माझ्या पेशंटला एवढंच कळावं की मी काय समजून टोचतेय.

प्रत्यक्षात होतं काय ते सांगते, म्हणजे आईंची धास्ती कमी होईल. त्यांना झोपवलं जाईल. बसवून नाही, झोपवूनच, आणि हे मी एका पैलवानाकडून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत तालमीतला एक गडी आला होता, शंभर किलोच्या वरचा, मान आखडलेली. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम, बस स्टुलावर. सुई आत जाऊन गाठ उडाली आणि पैलवान पांढराफटक पडून माझ्या अंगावर कलला. आखाड्यात ज्याची पाठ कुणाला लावता आली नव्हती तो पाव मिलिमीटरच्या सुईनं चीत. चूक त्याची नव्हती, माझी होती. सकाळचा व्यायाम करून उपाशीपोटी आला होता आणि मी विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून पहिला प्रश्न: जेवलात का?

त्वचा पुसली जाते, गाठ दोन बोटांत धरली जाते, प्लॅस्टिकची बारीक नळी टेकवून त्यातून सुई टिचकीनं आत. कातडीतून जाताना मुंगी चावल्याएवढंही कित्येकांना कळत नाही. मग सुई हळूहळू खालीवर करत गाठीचा शोध. ती सापडली की स्नायू आतल्या आत एकदम उडतो, कृष्णेच्या घाटावर गळाला मासा लागल्यावर दोरीला हिसका बसतो तसा. ‘मॅडम, आत काय तर उडालं बघा!’ हे वाक्य मी रोज ऐकते. त्या क्षणी खोल, जड, ओळखीची कळ येते, कधी नेहमीच्या वाटेनं दंडात उतरते. ती काही सेकंदांची. हा झटका माझ्या हाताचा नसतो, आपल्याच मणक्यातल्या मज्जारज्जूकडून उलटून आलेला असतो. तो आला की बहुतेकदा पट्टा सैल झालेला हाताला कळतो. पण झटका आला नाही म्हणून उपचार वाया गेला असं नाही, आणि झटक्यांची मोजदाद करत एकाच जागी वीस वेळा उकरणं हे तर मुळीच बरोबर नाही. काही जणांना त्यातच मर्दुमकी वाटते, टोचणाऱ्यांनाही आणि टोचून घेणाऱ्यांनाही.

घरी गेल्यावर एक-दोन दिवस तो भाग व्यायाम केल्यासारखा ठणकतो. गरम पाण्याची पिशवी, मान हळूहळू सगळीकडं फिरवणं, भरपूर चालणं. त्या दिवशी जड उचलणं नको. तिसऱ्या दिवशी मूळ दुखणं आधीपेक्षा किती, ते आईंना दहापैकी आकड्यात विचारा आणि लिहून ठेवा. आठवड्यातून एकदा, असं दोन-तीन वेळा करून काहीच फरक नसेल तर मी थांबते. चौथ्यांदा सुई लावण्याऐवजी पहिल्या दिवशी काय चुकलं ते शोधते.

ते शोधण्याची सवय मला एका माणसामुळे लागली. हळदीच्या पेठेतले हमाल, चाळिशीतले, कमरेच्या एका बाजूला आणि कुल्ल्यात दुखतंय म्हणून आले. पोती वाहणारा माणूस, गाठी हाताला स्पष्ट, सुई लावली. चार दिवस आराम. परत आले, परत सुई, परत चार दिवस. तिसऱ्यांदाही तेच. मी खूश, तेही खूश. चौथ्या वेळी त्यांची बायको सोबत होती. ती म्हणाली, ‘हे रातचं बसून काढतात, आणि बघा की, सदरा कसा ढगळ झालाय.’ संध्याकाळी अंग तापतं हेही तिनंच सांगितलं. मिरजेला एमआरआय झाला आणि मणक्याचा क्षयरोग निघाला. औषधांचा पूर्ण कोर्स झाला, आज ते बरे आहेत, पोती मात्र सोडलीत. गाठी खोट्या नव्हत्या. आजारी मणक्याला सांभाळायला स्नायूच आखडून बसले होते, आणि मी त्या पहारेकऱ्याला तीन वेळा झोपवलं. सुईनं आराम पडला म्हणजे निदान बरोबर होतं, असा अर्थ होत नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी मी ते त्या दिवसापर्यंत मनावर घेतलं नसतं.

पुरावा किती पक्का आहे, हेही विचारायला हवं. २०१७ साली फिजिओथेरपिस्टांनी केलेल्या ड्राय नीडलिंगवरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा निघाला. काहीच न करण्यापेक्षा किंवा खोट्या सुईपेक्षा (टोचल्याचं नुसतं नाटक) खऱ्या सुईनं दुखणं जास्त कमी होतं, आणि हा फरक १२ आठवड्यांपर्यंत दिसतो, असा त्याचा सूर. मात्र पुराव्याचा दर्जा अगदी कमी ते मध्यम. त्याच्याही आधी, २०१५ साली काही संधिवाततज्ज्ञांनी ट्रिगर पॉइंट ही कल्पनाच मुळात सिद्ध झालेली नाही असं ठणकावून मांडलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: एकाच पेशंटला दोन तज्ज्ञांनी तपासलं तर गाठ नेमकी कुठं यावर दोघांचं बरेचदा एकमत होत नाही. शिवाय या प्रयोगांत एक अडचण कायम राहते. साखरेची गोळी खऱ्या औषधासारखी दिसू शकते. सुई टोचली की नाही हे टोचणाऱ्याला कळतंच. म्हणून मी सुईला ‘उपचार’ म्हणण्याऐवजी दुखणं खाली आणायचं एक साधन म्हणते, शेकासारखं, हातानं दाबण्यासारखं. काही गाठींना त्यापेक्षा लवकर वश करणारं.

आता फुप्फुसाची भीती. ती खोटी नाही. किरकोळ त्रास नेहमीचे: आयर्लंडमधल्या ३९ फिजिओथेरपिस्टांनी साडेसात हजारांहून जास्त वेळा केलेल्या नीडलिंगची नोंद ठेवली होती, २०१४ साली ती छापून आली. त्यात काळंनिळं पडणं साडेसात टक्क्यांच्या आसपास, थेंबभर रक्त येणं साडेचार टक्क्यांच्या थोडं वर, टोचताना दुखणं तीन टक्के; गंभीर काही एकदाही नाही. पण गंभीर इजा जगात झालेल्या आहेत, आणि आईंच्या बाबतीत प्रश्न नेमक्या त्याच जागेचा आहे. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) खाली संपतं असं लोकांना वाटतं. ते त्या हाडाच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर चढलेलं असतं. मान आणि खांद्याच्या मधला तो मांसल उंचवटा, ज्याला आपण सगळे दुखलं की चिमटीत धरतो, त्याच्या खाली. म्हणून तिथं सुई सरळ खाली कधीच घालायची नसते. स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई पुढून मागं, आपल्याच दुसऱ्या बोटाच्या दिशेनं न्यायची. चुकलीच तर आपलं बोट टोचलं जावं. बारीक अंगकाठीच्या बायकांत तर जास्तच जपून. फऱ्याच्या मागं सुई लावताना खाली हाडाची पाटी असते, पण तिची कड ओळखता आली पाहिजे.

सुईनंतर त्याच दिवशी, कधी काही तासांनी, धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला, तर ‘सुईचा ठणका असेल’ म्हणून घरी बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल, आणि तिथं गेल्यावर ‘आज मानेला सुई लावली होती’ हे पहिलं वाक्य. छातीच्या एक्स-रेत बहुतेकदा कळतं.

मधुमेह असल्यानं सुई बंद असं नाही. साखर आटोक्यात हवी, कारण जखम चिघळण्याचा धोका तिच्यावर अवलंबून असतो. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) गेल्या तीन महिन्यांत केलं नसेल तर करून घ्या. तिथं फोड, पुरळ, जखम असेल तर त्या दिवशी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका आणि स्वतःहून बंदही करू नका, फक्त सांगा. आणि आईंनाच सुई नको असेल, तुम्ही आग्रह करून नेत असाल, तर नेऊ नका. भीतीनं ताठ झालेल्या स्नायूत सुई घालून कुणाचं भलं होत नाही. हातानं दाबून, ताणून, व्यायामानंही हे दुखणं हटतं, थोडं हळू इतकंच.

सुई कुणाच्या हातात आहे, यावर बरंच ठरतं. राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडं नोंदणी आहे का, नीडलिंग कुठं शिकलात, किती वर्षं करताय, हे विचारायला लाजू नका. मला कुणी विचारलं तर मला बरं वाटतं. शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून सोमवारी मानेत सुई घालणारेही आहेत. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई पांढऱ्या कडक डब्यात गेली पाहिजे, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी ते बंधनकारक आहे. पहिल्याच दिवशी हात न लावता, न तपासता दहा वेळांचं पॅकेज आगाऊ पैशात देऊ केलं, तर पायात चपला घाला.

आणि आता त्या भागाकडं येते ज्यासाठी एवढं लिहिलं. आषाढ चालू आहे. फळछाटणी ऑक्टोबरला धरलीत तर विरळणी-डिपिंगला अजून चार-पाच महिने आहेत. सुईनं आईंचा खांदा पंधरा दिवसांत हलका झाला आणि त्या तशाच मंडपाखाली गेल्या, तर डिसेंबरात आपली परत भेट. डेन्मार्कमध्ये एकसुरी काम करणाऱ्या, मान-खांद्याच्या याच स्नायूनं त्रस्त झालेल्या बायकांवर २००८ साली एक प्रयोग छापून आला होता: आठवड्यातून ३ वेळा २० मिनिटं, असं १० आठवडे त्याच दुखऱ्या स्नायूंना वजन घेऊन बळकट केलं. दुखणं चांगलंच उतरलं आणि उतरलेलं राहिलं. नुसती सायकल मारणाऱ्या गटाला तेवढा फायदा झाला नाही. ‘दुखतंय तर हात हलवू नको’ हा घरोघरीचा सल्ला इथं उलटा पडतो.

घरी एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या पुरतात. दोन्ही हातांत बाटल्या, खांदे कानाकडं उचलून हळू सोडायचे. मग हात बाजूनं खांद्याच्या उंचीपर्यंत, त्याच्या वर नको. मग खिडकीच्या गजाला रबरी पट्टा किंवा सायकलची जुनी ट्यूब बांधून, कोपरं मागं नेत, विहिरीतून पोहरा ओढावा तसं ओढायचं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं. बाटली सोडून तीन किलोचं डंबेल घेतलं तरी आईंचे हात काही पैलवानाचे होणार नाहीत. करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे.

बागेत दोन गोष्टी बदला. पायाखाली रुंद, न हलणारी लाकडी घोडी घ्या, म्हणजे घड डोळ्यांसमोर येतो आणि मान मागं टाकावी लागत नाही. उलटा केलेला प्लॅस्टिकचा क्रेट नको, तो मातीत कलंडतो आणि मग माझ्याकडं मनगट घेऊन यावं लागतं. द्रावणाचा मग अर्धाच भरा आणि ओळ बदलली की हात बदला. वीस-पंचवीस मिनिटं वर हात झाले की दहा मिनिटं खालचं काम, द्रावण कालवणं म्हणा, काहीही. मुकादम कुरकुर करेल. बाग तुमची आहे.

सुई लावायचं ठरलं तर त्या दिवशी आईंना जेवूनखाऊन पाठवा, पाठीकडून सैल करता येईल असा ब्लाउज घालायला सांगा, आणि सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये ठेवा. तीन दिवसांनंतरचा दहापैकी आकडा लिहून ठेवायचं काम तुमचं.